सरकार छोटे, हात मात्र लांब!

अमेरिकेत गेली पंधरा-सोळा वर्षे एक वाद सतत धुमसत आहे. परदेशातून आलेल्या माणसाची कागदपत्रे तपासण्याचा आणि त्याला शिक्षा करण्याचा अधिकार कोणाचा? वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारचा, की पन्नास राज्यांपैकी प्रत्येक राज्याचा? वरवर पाहता हा वकिलांचा विषय आहे. व्यापाराच्या पानावर त्याचे काय काम, असे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर असे की, हा वाद दुकानाच्या उंबरठ्यावरचाच आहे. या कायद्यांनी हात घातला तो नोकर ठेवणाऱ्या मालकावर, त्याच्या परवान्यावर आणि दोन माणसांत झालेल्या करारावर. शिवाय आज आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुले तिकडे नोकरीस आहेत. त्यामुळे हे प्रकरण नीट समजून घेतले पाहिजे.

आमचा एक भाचा २०१० साली ॲरिझोना राज्यात संगणकाच्या कामावर होता. व्हिसा पक्का, पगार चोख, कर भरलेला. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्याने फोनवर सांगितले, "मामू, आता दूध आणायला निघालो तरी पासपोर्ट खिशात ठेवतो." परदेशी माणसाने नोंदणीचा कागद जवळ बाळगावा हा नियम तिथे केंद्राच्या कायद्यात १९५२ पासून आहेच. पण तोवर तो कागद त्याच्या कपाटात पडून असे आणि कोणी विचारत नसे. त्या वर्षी विचारले जाण्याची भीती आली. गुन्हा काही केलेला नव्हता, फक्त रंग सावळा होता. हे ऐकल्यापासून आम्ही या विषयावर वाचत आलो आहोत.

वाद कोणाचा कोणाशी?

अमेरिकेत एक मोठा वर्ग असा आहे की ज्याची निष्ठा 'मर्यादित सरकार' या तत्त्वावर आहे. सरकारने कर कमी घ्यावा, खर्च कमी करावा, माणसाच्या घरात, दुकानात आणि खिशात डोकावू नये, असे हा वर्ग मानतो. त्यांच्या राज्यघटनेला १७९१ मध्ये जोडलेली दहावी दुरुस्ती सांगते की, जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत आणि राज्यांना मना केलेले नाहीत, ते राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात. हा वर्ग या दुरुस्तीचा फार आदर करतो. २००९ नंतर उभी राहिलेली टी पार्टी चळवळ याच विचाराची. रिपब्लिकन पक्षात या विचाराचे लोक जास्त आहेत, तसेच व्यापारी वर्गातही आहेत. खरे सांगायचे तर आम्हा व्यापाऱ्यांचा कल जगात सर्वत्र याच बाजूला असतो.

वाचकांना वाटेल की, हा सगळा वर्ग राज्यांच्या परदेशी लोकांविरोधी कायद्यांच्या एका बाजूला उभा राहिला असेल. तसे झाले नाही. याच घरात दोन चुली झाल्या. एक गट म्हणाला, केंद्र सरकार सीमा सांभाळत नाही, मग राज्याने स्वतःचे रक्षण स्वतः करावे, हेच खरे विकेंद्रीकरण. दुसरा गट म्हणाला, ज्या सरकारचा पोलीस रस्त्यावर माणसाला अडवून कागद मागतो आणि ज्या सरकारच्या परवानगीशिवाय मालकाला नोकर ठेवता येत नाही, ते सरकार मर्यादित कसले? या दोन गटांचे भांडण हाच आमच्या लेखाचा विषय आहे.

ॲरिझोनाचा कायदा

ॲरिझोना हे मेक्सिकोच्या सीमेवरचे राज्य. कापूस हे तिथले जुने पीक, आणि लांब धाग्याच्या उंची पिमा कापसाला नाव मिळाले ते याच प्रदेशातील पिमा आदिवासींवरून. त्या राज्याच्या गव्हर्नर जॅन ब्रुअर यांनी २३ एप्रिल २०१० रोजी 'एस.बी. १०७०' या कायद्यावर सही केली. पोलिसांनी कोणालाही कायदेशीर कारणाने थांबवले आणि तो बेकायदा राहत असल्याचा वाजवी संशय आला, तर त्याचा दर्जा तपासण्याचा प्रयत्न पोलिसांनी केलाच पाहिजे, असे त्यात होते. नोंदणीचा कागद जवळ नसणे हा राज्याचाही गुन्हा ठरला. परवानगी नसताना काम मागणे हाही गुन्हा ठरला. वॉरंटशिवाय अटकेची मुभा वाढवली गेली. एखादे पोलीस खाते हा कायदा पुरेपूर राबवत नसेल, तर त्याच्यावर साध्या नागरिकाला दावा लावता येईल, अशीही तरतूद होती.

हा कायदा करणाऱ्यांची तक्रार खोटी नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. १९८६ साली अध्यक्ष रेगन यांच्या सहीने केंद्राने मोठा सौदा केला होता. सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला आणि बदल्यात पुढे सीमेवर व कारखान्यांत कडक तपासणी होईल, असे वचन दिले गेले. पहिली बाजू पूर्ण झाली, दुसरी झाली नाही. २०१० पर्यंत बेकायदा राहणाऱ्यांची संख्या अंदाजे १ कोटी १० लाखांवर पोहोचली होती. सीमेवरच्या गावांना तस्करांचा उपद्रव होता, शाळा-दवाखान्यांचा खर्च राज्यावर पडत होता. केंद्राकडे अर्ज करून थकलेल्या माणसाने कायदा हातात घ्यावा असे आम्ही म्हणणार नाही, पण तो का चिडला हे समजू शकतो.

तरीही या कायद्याला त्यांच्याच माणसांनी विरोध केला. फ्लोरिडाचे माजी गव्हर्नर जेब बुश यांनी नापसंती दाखवली. टेक्सासचे तेव्हाचे गव्हर्नर रिक पेरी हे कट्टर रिपब्लिकन आणि राज्यांच्या हक्कांचे कट्टर पुरस्कर्ते. पण असा कायदा टेक्सासला योग्य नाही, असे त्यांनी २०१० मध्ये जाहीर केले. पोलिसांचा वेळ खऱ्या गुन्हेगारांवरून निघून कागद तपासण्यात जाईल, असा त्यांचा मुद्दा होता. टेक्सासचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा येईल.

प्रकरण कोर्टात गेले. कायदा लागू होण्याच्या आदल्या दिवशी, २८ जुलै २०१० रोजी, त्याच्या मुख्य कलमांना स्थगिती मिळाली. २५ जून २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. चारपैकी तीन कलमे ५ विरुद्ध ३ मतांनी रद्द झाली. न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की, परदेशी नागरिकांचा प्रश्न हा दुसऱ्या देशांशी असलेल्या संबंधांचा प्रश्न आहे. दुसऱ्या देशाला एका अमेरिकेशी बोलता आले पाहिजे, पन्नास अमेरिकांशी नव्हे. संशयितांचा दर्जा तपासण्याचे कलम मात्र तूर्त कायम राहिले. न्यायमूर्ती स्कालिया यांनी विरोधी मत दिले. ज्या राज्याला नको त्या माणसाला बाहेर ठेवता येत नाही, ते सार्वभौम कसले, असा त्यांचा सवाल होता. मर्यादित सरकार मानणाऱ्या गटातील हा मतभेद न्यायासनावरही दिसला. रद्द करणाऱ्या पाच जणांत केनेडी होते, सरन्यायाधीश रॉबर्ट्स होते, आणि दोघांची नेमणूक रिपब्लिकन अध्यक्षांनी केलेली.

मालकाच्या गळ्यात घंटा

आता व्यापाऱ्याची बाजू पाहू. ॲरिझोनाने याआधीच, २००७ साली, दुसरा एक कायदा केला होता. जाणूनबुजून बेकायदा माणसाला कामावर ठेवले तर पहिल्या वेळी धंद्याचा परवाना निलंबित होऊ शकतो आणि दुसऱ्या वेळी कायमचा रद्द. शिवाय प्रत्येक मालकाने नवीन नोकराचे नाव केंद्राच्या 'ई-व्हेरिफाय' या संगणकी यंत्रणेत तपासावे. या कायद्याविरुद्ध अमेरिकेच्या व्यापारी मंडळाने, म्हणजे यू. एस. चेंबर ऑफ कॉमर्सने, दावा लावला आणि २६ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयात तो गमावला. परवाना देणे-घेणे हा राज्याचा अधिकार, असे न्यायालयाने म्हटले. गंमत पाहा, व्यापाऱ्यांच्या बाजूने तेव्हा ओबामांचे केंद्र सरकार उभे होते, आणि परवाना रद्द करण्याच्या बाजूने ते लोक होते, जे एरवी परवान्याच्या राज्याला शिव्या देतात.

परवाना राज काय असते हे भारतातल्या व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. ज्या संस्था बाजाराच्या स्वातंत्र्यासाठी झगडतात, त्यांपैकी केटो इन्स्टिट्यूटने ई-व्हेरिफायला सतत विरोध केला आहे. त्यांचे म्हणणे असे की, आज हे यंत्र परदेशी माणसासाठी आहे, पण त्यात नाव प्रत्येक नागरिकाचे तपासले जाते. स्वतःच्या देशात काम करण्यासाठी प्रत्येकाला सरकारच्या संगणकाची परवानगी लागावी, हे स्वातंत्र्य नव्हे. आम्हाला हा मुद्दा पटतो. संगणकात नावाच्या स्पेलिंगची चूक असेल, लग्नानंतर आडनाव बदलले असेल, तर काम थांबते आणि खुलासा देण्याची जबाबदारी त्या गरिबावर येते.

जॉर्जिया राज्याने मे २०११ मध्ये असाच कायदा केला. या राज्यातील डाल्टन हे गाव गालिच्यांची राजधानी म्हणून जगात ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका मुलीने हाताने टाचलेल्या पलंगपोसापासून तिथला धंदा सुरू झाला आणि त्यातून मोठमोठे कारखाने उभे राहिले. १९९० च्या दशकात तिथे मजूर मिळेनासे झाले, तेव्हा मेक्सिकोहून आलेल्या माणसांनी ती यंत्रे चालवली. ज्या राज्याच्या उद्योगाचा पाया असा, त्याच राज्याने हा कायदा केला. पहिला फटका शेतीला बसला. कांदा आणि फळे काढण्याच्या हंगामात मजूर घाबरून दुसऱ्या राज्यात निघून गेले. गव्हर्नरांनी सुचवले की, शिक्षेत सूट मिळालेल्या, देखरेखीखालच्या लोकांना शेतात पाठवावे. पाठवले, पण त्यांतील बरेच जण ऊन सहन न होऊन अर्ध्या दिवसात निघून गेले. मजुरी हे काम आहे, आणि कामाला हुन्नर लागतो. यंत्रमागावर नवा माणूस बसवला की किती धागे तुटतात, हे आम्हाला माहीत आहे.

करारालाच कात्री

पण सर्वांत पुढे गेले ते अलाबामा राज्य. ९ जून २०११ रोजी तिथे 'एच.बी. ५६' हा कायदा झाला. शाळेने मुलांचा दर्जा नोंदवावा, बेकायदा माणसाला घर भाड्याने देऊ नये, त्याने राज्याशी कोणताही व्यवहार करू नये, असे त्यात होते. कलम २७ वाचून मात्र आम्ही, एक व्यापारी म्हणून, थक्क झालो. करार करताना समोरचा माणूस बेकायदा राहत आहे हे माहीत असेल, तर राज्याचे न्यायालय तो करार मानणार नाही, असे ते कलम होते. अगदी एका रात्रीचा निवारा, अन्न, औषध अशा थोड्या गोष्टींना सूट होती.

याचा अर्थ काय? एखाद्याने महिनाभर भिंत बांधली आणि मालकाने मजुरी बुडवली, तर तो कोर्टात जाऊ शकत नाही. मालकाने फक्त एवढेच म्हणायचे की, हा बेकायदा आहे हे मला आधीपासून माहीत होते. म्हणजे ज्याने जाणूनबुजून कायदा मोडून नोकर ठेवला, त्याच्याच हाती मजुरी बुडवण्याचा परवाना आला. जो प्रामाणिक, त्याला याचा फायदा नाही. जो बेइमान, त्याला दुप्पट. आमच्या धंद्यात चिठ्ठीवर लाखोंचा माल उधार जातो. समोरच्याची जात, भाषा, गाव आम्ही विचारत नाही, त्याची जबान पाहतो. आणि त्या जबानीच्या मागे शेवटी कोर्ट आहे हा भरवसा असतो. सरकारचे काम थोडके असावे असे मानणाऱ्यांनीही जी दोन-चार कामे सरकारकडे ठेवली आहेत, त्यांत करार पाळायला लावणे हे पहिले आहे. तेच सरकार सोडून देत होते आणि शाळेतल्या पोराचा कागद तपासायला निघाले होते!

नोव्हेंबर २०११ मध्ये टस्कलूसा येथे पोलिसांनी एक मोटार थांबवली. गाडी भाड्याची, तिला नंबरपट्टी नव्हती. चालवणारा निघाला मर्सिडीज कंपनीचा जर्मन अधिकारी. त्याच्याजवळ जर्मन ओळखपत्र होते, पण पासपोर्ट नव्हता. नव्या कायद्यानुसार त्याला पकडून नेले. सहकाऱ्याने कागद आणून दिल्यावर सुटका झाली. जवळच व्हॅन्स येथे मर्सिडीजचा कारखाना आहे, जो १९९० च्या दशकात त्या राज्याने मोठ्या सवलती देऊन आणला होता. एका हाताने पाहुण्याला दावत, दुसऱ्या हाताने बेडी. पुढे ऑगस्ट २०१२ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने कराराचे कलम आणि शाळेचे कलम रोखले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे अपील ऐकण्यास नकार दिला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्याने तडजोड करून यांतील बहुतेक कलमे सोडून दिली.

आमच्याच सहीचे निवेदन

येथे आमचा स्वतःचा एक अनुभव सांगणे भाग आहे. १९९० नंतरच्या काही वर्षांत आमच्या बाजारात बिनबिलाचे कापड फार येऊ लागले. कर बुडवलेला माल, त्यामुळे ताग्यामागे भाव कमी. आम्ही बिले फाडून धंदा करणारे मार खात होतो. आम्ही व्यापारी मंडळी एकत्र बसलो आणि सरकारला निवेदन दिले की, नाक्यांवर आणि बाजारात तपासणी पथके नेमा, कडक अधिकार द्या, दयामाया नको. निवेदनावर सह्या झाल्या, त्यात आमचीही होती.

पथके आली. बिनबिलाचा टेम्पो रात्री आडरस्त्याने निघून जाई. पथक बसे ते हमरस्त्यावर, आणि दिवसा येई ते पाटी लावून, वह्या मांडून बसलेल्या दुकानात. कारण ज्याच्याकडे वह्या आहेत, त्याच्याच वह्यांत चूक सापडते. एकदा ईदच्या तोंडावर आमच्या गाठींचा ट्रक बिल्टीवरच्या एका आकड्याच्या खाडाखोडीवरून दोन दिवस नाक्यावर उभा राहिला. बिल होते, कर भरला होता, माल मोजून तंतोतंत भरला. पण मोजायलाच दोन दिवस लागले. माल पोहोचला तोवर गिऱ्हाइकाने दुसरीकडून भरणा केला होता. दुसरीकडून म्हणजे कोठून, ते सांगायला नको. त्या वर्षी आमच्याकडे हमाली करणाऱ्या चौघांना आम्ही ठरलेली ईदी देऊ शकलो नाही. त्यांनी शब्द काढला नाही, आम्हीच मान खाली घातली.

नुकसान भरून निघाले, ती सही मात्र आम्ही विसरलो नाही. कडक अधिकार दुसऱ्यासाठी मागितला होता, तो आमच्या दारात येऊन बसला. ॲरिझोना आणि अलाबामाचे मतदार आम्हाला म्हणूनच परके वाटत नाहीत. त्यांची तक्रार खरी होती, आमचीही खरी होती. चूक एवढीच की, अधिकार ज्याच्या हाती दिला त्याला चोर आणि साव ओळखता येतात, असे आम्ही गृहीत धरले.

जुने खाते उघडले तर

अमेरिकेतही हा धडा नवा नाही. १८७० च्या दशकात कॅलिफोर्निया राज्यात असा कायदा होता की, जहाजातून उतरणाऱ्या प्रवाशांकडे पाहून राज्याचा अधिकारी ठरवी की, कोण चारित्र्याने वाईट आहे. ज्याला तो वाईट ठरवी, त्याच्यासाठी जहाजाच्या कप्तानाने जामीन तरी द्यावा किंवा पैसे तरी भरावे. चीनहून आलेल्या बावीस स्त्रियांना असे अडवले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८७६ मध्ये तो कायदा रद्द झाला. एका राज्याचा एक अधिकारी आपल्या लहरीने साऱ्या देशाला दुसऱ्या देशाशी भांडणात ओढू शकतो, आणि असा कायदा पैसे उकळण्याचेच साधन होतो, असा निकालाचा आशय होता.

मग सॅन फ्रान्सिस्को शहराने दुसरी वाट काढली. लाकडी इमारतीत धुलाईखाना चालवायचा तर परवाना घ्यावा, असा नियम १८८० मध्ये केला. नियम आगीपासून बचावाचा, कोणाचे नाव नाही, सर्वांना सारखा. पण सुमारे दोनशे चिनी धोब्यांनी अर्ज केला तेव्हा सर्वांना नकार मिळाला. बाकीच्यांना मात्र, एक वगळता, सर्वांना मंजुरी मिळाली. १८८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, कायदा कागदावर निर्दोष असला तरी तो वाईट नजरेने आणि असमान हाताने राबवला, तर तो अन्यायच आहे. तो धोबी अमेरिकेचा नागरिक नव्हता, तरी त्याला इन्साफ मिळाला.

हिंदी माणसालाही हा चटका बसला आहे. कॅलिफोर्नियाने १९१३ मध्ये कायदा केला की, ज्याला नागरिक होता येत नाही त्याला शेतजमिनीची मालकी नाही. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी माणूस नागरिकत्वास पात्र नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, आणि राज्याचा तो जमिनीचा कायदा पंजाबी शेतकऱ्यांवर येऊन कोसळला.

घेण्याचे माप वेगळे, देण्याचे वेगळे

आता दुसऱ्या बाजूचेही माप तपासू, नाहीतर आमच्यावर पक्षपाताचा आरोप येईल. ॲरिझोनाच्या वेळी डेमोक्रॅटिक पक्षाचे लोक सांगत होते की, हा विषय पूर्णपणे केंद्राचा आहे. पुढे ट्रम्प अध्यक्ष झाले तेव्हा डेमोक्रॅटिक बहुमताच्या कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये 'एस.बी. ५४' हा कायदा केला की, राज्याचे पोलीस बहुतांश बाबतींत केंद्राच्या या कामात मदत करणार नाहीत. त्यासाठी आधार कोणता घेतला? तीच दहावी दुरुस्ती! आणि १९९७ चा एक निकाल, जो बंदुकीच्या तपासणीसाठी केंद्राने स्थानिक अधिकाऱ्यांना राबवू नये म्हणून स्कालिया यांनीच लिहिला होता. तेव्हा ट्रम्प यांचे समर्थक म्हणू लागले की, केंद्राचा शब्द शेवटचा. दोन्ही पक्षांनी तराजू बदलून घेतले. कायद्याच्या दृष्टीने स्वतः शिक्षा करणे वेगळे आणि मदत नाकारणे वेगळे, हे खरे आहे. पण तत्त्वाची शपथ घेणाऱ्यांनी दिल्लीत कोण बसले आहे हे पाहून तत्त्व बदलावे, हे आपल्याकडेही आपण पाहतोच.

टेक्सासचे तेच झाले. ज्या राज्याचा गव्हर्नर २०१० मध्ये 'आम्हाला असा कायदा नको' म्हणाला, त्याच राज्याने डिसेंबर २०२३ मध्ये 'एस.बी. ४' केला. तो ॲरिझोनापेक्षा पुढे गेला. बेकायदा सीमा ओलांडणे हा राज्याचा गुन्हा आणि राज्याचा न्यायाधीश त्या माणसाला देशाबाहेर जाण्याचा हुकूम देऊ शकेल. ओक्लाहोमा आणि आयोवा या राज्यांनी २०२४ मध्ये तोच कित्ता गिरवला. हे कायदे कोर्टात अडकले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ॲरिझोनाच्या मतदारांनीही असाच एक ठराव मोठ्या बहुमताने मंजूर केला, त्यातील सीमेचा भाग मात्र टेक्सासच्या किंवा तशा कायद्याला मार्ग मिळाला तरच लागू होईल अशी अट आहे.

मधल्या काळात एक शहाणपणाचा प्रयत्न झाला, तोही लिहिला पाहिजे. यूटा हे अत्यंत परंपरावादी, रिपब्लिकन राज्य. तिथल्या व्यापारी, धार्मिक आणि नागरी पुढाऱ्यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये 'यूटा करार' नावाचे छोटे निवेदन काढले. प्रश्न केंद्राचा आहे, पोलिसांनी गुन्हेगारांकडे लक्ष द्यावे, कुटुंबे तोडू नयेत, आणि मजुराचे अर्थव्यवस्थेतले मोल ओळखावे, असा त्याचा सूर होता. पुढच्या वर्षी राज्याने पाहुण्या कामगारांना परवाना देणारा कायदाही केला, जो केंद्राच्या मंजुरीअभावी कधी अमलात आला नाही. ॲरिझोनातही मार्च २०११ मध्ये साठ कंपन्यांच्या प्रमुखांनी सिनेटला पत्र लिहून आणखी कायदे नकोत असे सांगितले, आणि त्याच महिन्यात सिनेटने असे पाच प्रस्ताव फेटाळले. 'एस.बी. १०७०' चे शिल्पकार रसेल पिअर्स यांना त्याच वर्षी मतदारांनी परत बोलावले, आणि त्यांना हरवणारा उमेदवारही रिपब्लिकनच होता.

आमचे मत

आमचे मत सरळ आहे. राज्याचे हक्क आणि मर्यादित सरकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अधिकार वॉशिंग्टनहून फिनिक्सला नेला म्हणून तो लहान होत नाही, फक्त जवळ येतो. जवळचा अधिकारी चांगला असेल तर लवकर ऐकतो, वाईट असेल तर लवकर मारतो. लांबच्या सरकारपासून निदान लांब तरी राहता येते! आपल्या राज्यघटनेतही नागरिकत्व, परदेशी लोक आणि त्यांची हकालपट्टी हे विषय केंद्राच्या सूचीत आहेत, पोलीस मात्र राज्याचे. त्यामुळे हा प्रश्न आपल्यालाही परका नाही.

देशाला सीमा असावी आणि सीमेला कायदा असावा, यावर आमचा वाद नाही. घराला दार असतेच. पण असा कायदा आला की, व्यापाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत. निर्दोष माणसाला आपण निर्दोष आहोत हे रोज सिद्ध करावे लागते का? मालक, मास्तर आणि घरमालक यांना सरकार फुकटचे शिपाई बनवते का? आणि झालेला व्यवहार, दिलेला शब्द, केलेली मजुरी यांना कायदा पाठ दाखवतो का? तिन्हीचे उत्तर 'नाही' असेल, तर तो कायदा कोणत्याही सरकारचा असो, मान्य करावा. एकाचेही उत्तर 'होय' असेल, तर तो आपल्या पक्षाने आणला तरी विरोध करावा. विशेषतः आपल्या पक्षाने आणला तर, कारण तेव्हा आपले ऐकले जाण्याची शक्यता जास्त.

आणि ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांना एवढेच सांगतो की, कागद नेहमी पूर्ण ठेवायला सांगा, मुदतीच्या आत नूतनीकरण करायला सांगा, आणि ज्या राज्यात राहतात तिथला कायदा वाचायला सांगा. आमचा भाचा आता दुसऱ्या राज्यात असतो. पासपोर्ट अजूनही खिशात ठेवतो का, असे आम्ही गेल्या ईदला विचारले. तो म्हणाला, "सवय झाली, मामू."

ही सवय लागू नये, हीच आमची इच्छा आहे.